सदतिसावं पाकीट

सकाळी पावणेआठला फिलोमिना सिस्टर पाकीट फोडते
माझ्याकडे पाठ करून.
आत एकच अक्षर, जे मी बघायचं नसतं.
ती औषध भरते, सिरिंजवर पट्टी चिकटवते: सदतीस.
तेवढंच माझ्या हातात येतं.

पांढरं सगळ्यांनाच मिळतं, दुधासारखं,
शिरेत जाताना चुणचुणणारं.
त्याच्या आधीचं मात्र पाण्यासारखं,
आणि पाण्यात काय कुणाला दिसतं?
एका पाण्याने श्वास जास्त वेळ अडतो, म्हणतात.
दुसऱ्याने लाळ सुटते, डोळे अर्धे उघडे राहतात.
कुठल्याने जबडा आधी सैल पडतो,
कुठल्याने मूल खोकत नाही, गिळत नाही, पाय झाडत नाही
आणि दोन नंबरचा मऊ सिलिकॉनचा मास्क
जिभेवरून सरकून घशात पहिल्याच खेपेला बसतो,
हे मला साठ मुलांना विचारायचंय.
साठही जणांना झोपवून.

सदतिसावी: कस्तुरी बाळू कोलकार, कणगला. वय पाच, वजन सोळा किलो.
गुऱ्हाळात उकळती काकवी हातावर उडालेली, गेल्या संक्रांतीला.
उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून
एकच झालेली.
संमतीपत्र पाठपोट. आईने कानडीच्या बाजूने वाचलं,
बापाने उलटून मराठीच्या,
आणि सही नेमकी कुठल्या बाजूला करायची
यावर दोघं थोडं हसले. मीही.

"मोज बघू, दहापर्यंत."
हे मी सगळ्यांना सांगते. दहापर्यंत कुणीच पोचत नाही.
तिने उजवा हात वर धरला, बोटं बघत
"वंदू,
दोन,
मूरू,
चार."
आणि थांबली.
औषधाने थांबली असं मला वाटलं.
डोळे तर टक्क जागे होते.
त्या हातावर मोजण्यासारखं पुढे काही नव्हतं.

मग पांढरं गेलं.

जबडा: पूर्ण सैल. गिळणं: नाही. खोकला: नाही.
मास्क पहिल्याच खेपेला.
श्वास: नाही.
बेचाळीस सेकंद. फॉर्मवर तो नुसता आकडा.
खोलीत मात्र तेवढ्यात बाहेर एक रिक्षा येते,
कुणाला तरी उतरवते,
सुट्ट्या पैशांवरून भांडण होतं, मिटतं,
आणि माझी बोटं पिशवीवर, दाबू की थांबू.
मग पिशवी आपली आपण हलली.
पडद्यावर एक टेकाड उठलं सपाट माथ्याचं,
हरगापूरच्या गडासारखं. मग दुसरं. मग रांगच.

हिरेमठ सर म्हणतात,
"शेवटी पी काढायचा. शून्य पूर्णांक शून्य पाचच्या खाली आला
तर फरक आहे, न्हाईतर न्हाई.
मधेच मन घालू नको, बाई."
मी मन घालत नाही.
फक्त समासात पेन्सिलीने लिहिलं:
मोजणी चारपर्यंत, एकाआड एक.
त्याला रकाना नव्हता.

बाहेर आईने विचारलं, "कंचं औषध घातलासा?"
"मला माहीत नाही."
"घातलासा तुमी, आनि तुमालाच ठाव न्हाई?"
ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती.
मला न कळणं हाच नियम आहे,
म्हणजे माझा हात कुणा एकीकडे झुकत नाही,
हे वाक्य मी इंग्रजीत तोंडी परीक्षेला पाठ केलंय.
तिला सांगायला मला ते
दोन्ही भाषांत सापडेना.
तिने पदराने पोरीच्या ओठांवरची लाळ पुसली.
लाळ. आणि बेचाळीस सेकंद. दोन्ही.
कुठल्याच पाण्याकडे बोट दाखवता येईना.

पट्टीच्या गोळ्यात आता पाच बोटं आहेत, सुटी सुटी.
दुपारी जाग येताना
डोळे न उघडताच ती "ऐदू" म्हणाली,
असं आई सांगते.
मी नव्हते तिथे.
मी अडतिसाव्याच्या उशाशी उभी होते, म्हणत होते,
मोज बघू.